कितीला पडली?

फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. एका हातात मेथीच्या दोन जुड्या, दुसऱ्या हातात पाकीट, मोबाइल कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला. नाव न बघताच उचलला होता. पलीकडून आधी वारा ऐकू आला, मग एक कोंबडी, आणि मग मधलं सगळं अंतर आवाजाच्या जोरावरच कापायचं असल्यासारखं कुणीतरी ओरडलं, "सायकलवाले सायेब का? वळखलं का? आष्टीहून बोलतोय. पट्टा पडला, गावाकडं आलो. ते सायकलीचं इचारायचं हुतं." ओळखलं. लगेच ओळखलं. मार्चअखेरच्या त्या उकाड्यात, मेथीच्या ओल्या मुळ्या मनगटाला लागत असताना, जानेवारीतल्या एका सकाळची थंडी पाठीवरून सरकून गेली. मी म्हणालो, "हो हो, ओळखलं. आत्ता जरा बाहेर आहे, नंतर करतो." तो म्हणाला, "करा सायेब, निवांत करा, घाई न्हाई." मी फोन ठेवला आणि उरलेले पैसे न घेताच चालायला लागलो. भाजीवाल्या मावशींनी हाक मारून परत बोलावलं आणि सुटे पैसे हातावर ठेवले.

नंतर केला नाही.

सायकल ऐंशी हजारांची आहे, हे आधीच सांगून टाकतो. पिशव्यांचे वेगळे. सीटखाली लोंबणारी एक, हँडलला आडवी बांधायची वळकटी आणि फ्रेमच्या त्रिकोणात नेमकी बसणारी तिसरी. घरी सांगितलेला आकडा थोडा वेगळा आहे. तो विषय इथे नको. पुण्यात रविवारी पहाटे ज्या मंडळींबरोबर मी सायकल मारतो, त्यांच्यात ऐंशी हजार म्हणजे जरा खाली मान घालून सांगायची गोष्ट. तिथे लोक कार्बन फ्रेमबद्दल असं बोलतात, जसं पूर्वी लोक जावयाबद्दल बोलायचे. "सध्या हीच चालवतोय" असं मी म्हणायचो. त्या ‘सध्या’मध्ये पुढे दीड-दोन लाखांची घेणार असल्याची खोटी सूचना असायची. म्हणजे किमतीबद्दल खोटं बोलायची सवय जुनीच. ट्रिपमध्ये तिने फक्त दिशा बदलली.

रजा वाया जाणार होत्या म्हणून निघालो, याहून मोठं कारण नाही. २७ जानेवारीला सोमवार होता. पाच दिवसांत पुण्याहून कोल्हापूर गाठायचं, हायवेला शक्यतो चाक लावायचं नाही. भोर, मांढरदेवीचा घाट, वाई, लिंब, रहिमतपूर, कऱ्हाड, औदुंबर, कुंभोज अशी कृष्णेच्या काठाकाठाने वळणं घेत जाणारी वाट. सगळी मिळून तीनशे किलोमीटरच्या थोडी वर. सामान बरोबर साडेअकरा किलो. हा आकडा मला पाठ आहे, कारण तो साधण्यासाठी मी आठवडाभर स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवून नेला होता आणि टूथब्रशची दांडी अर्धी कापली होती. पन्नाशीला आलेला माणूस दांडी कापलेल्या टूथब्रशने दात घासताना कसा दिसतो, हे मी भोरच्या लॉजच्या आरशात पाहिलं. फार बरं दिसत नाही.

पहिला प्रश्न शिवापूरच्या अलीकडेच आला. कात्रजचा जुना घाट चढून उतरलो होतो, घाम थंड होऊन बनियन पाठीला चिकटलं होतं, आणि चहाच्या टपरीवर एका पोराने आपली मोटारसायकल माझ्या सायकलीला लावून उभी केली. शाळांसमोर आदल्या दिवशीच्या झेंडावंदनाच्या रांगोळ्या अजून पुसट दिसत होत्या, रस्त्यावर कागदी झेंडे पडलेले. तो सायकलीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "कितीला पडली?" मी म्हणालो, "साठ." वीस हजार तिथेच गळाले. तो म्हणाला, "साठ? एवढ्यात सेकंडहँड बुलेट येती की!" आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला तिरस्कार म्हणता येणार नाही, काळजीच होती ती. भोरला लॉजच्या काउंटरवरच्या काकांना मी पंचवीस सांगितली. ते म्हणाले, "चालायचंच. पेट्रोल तरी लागत नाही."

तसे रस्त्यात बरेच प्रश्न विचारले गेले. ॲव्हरेज किती देते, हा विनोद दिवसातून दोनदा. गाडी नाही का घरी. कुणी पाठवलंय. मांढरदेवीच्या घाटात, जिथे मी सायकल हाताने ढकलत होतो आणि श्वासाचा आवाज मलाच नकोसा झाला होता, तिथे काट्याकुट्यांची मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, "नवस हाय का रं बाबा?" काळूबाईची पौषातली यात्रा नुकतीच होऊन गेली होती, झाडांना अजून हिरव्या बांगड्या, कापडाचे तुकडे. त्या जागेवर साडेचार हजार फुटांच्या आसपास उंची आहे आणि दुपारी एक वाजताही वारा असा होता की थांबलं की दात वाजायचे. मी "हो" म्हणालो. सगळ्यात सोपं उत्तर तेच होतं. तिने हात जोडले, मला नव्हे, वर देवीकडे. नवस म्हटलं की माणसाच्या कष्टाला कारण मिळतं, मग कुणी किंमत विचारत नाही. पण हे मला उशिरा सुचलं. नाहीतर पाचही दिवस नवसावरच काढले असते.

पलीकडे वाईत उतरताना हात ब्रेकवर गोठून राहिले. बोटं उघडेनात. गावात शिरल्यावर एका भजीवाल्याच्या कढईजवळ नुसता उभा राहिलो, तळवे पुढे करून, शेकोटीसमोर करतात तसे. त्याने काही न विचारता एक कांदाभजीचा पुडा हातात दिला आणि म्हणाला, "आधी धरा, मग खावा." त्या गरम वर्तमानपत्राचा स्पर्श मला भज्यांच्या चवीपेक्षा जास्त आठवतो.

संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर बसलो होतो. कृष्णा तिथे हिवाळ्यात अगदी संथ, पायऱ्यांवर शेवाळाचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास. धोतर, स्वेटर, मफलर अशा वेशातले एक आजोबा शेजारी येऊन बसले. वाई हे विश्वकोशाचं गाव. तिथे कोणत्याही मफलरवाल्या आजोबांसमोर जपून बोलावं असं मला उगाच वाटतं. त्यांनी सायकलीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "किंमत काय हिची?" ‘कितीला पडली’ असं नाही. ‘किंमत काय.’ मी म्हणालो, "पंधरा हजार." ते म्हणाले, "माझी पहिली दोनशे पाच रुपयांना घेतली होती. रॅले. दिव्याचे निराळे."

दिव्याचे निराळे! माझे वडील हेच म्हणायचे. फक्त त्यांच्याकडे ते ‘घंटीचे वेगळे’ असायचं. नाना पेठेतल्या आमच्या वाड्यात वडिलांनी सायकल घेतली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण तिची किंमत मला माझ्या जन्मतारखेइतकी पक्की ठाऊक आहे : तीनशे दहा रुपये, घंटीचे वेगळे. वाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. दूधवाल्याला, वरच्या मजल्यावरच्या विधवा आत्याबाईंना, वडील ज्यांच्याबरोबर खडकीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे त्या सगळ्यांना. कुणी विचारलं की वडील सांगायचे, पैशासकट सांगायचे, आणि ऐकणारा मान डोलवायचा किंवा म्हणायचा की अमक्या दुकानात दहा रुपये कमी पडले असते. मग त्यावर अर्धा तास चर्चा. किंमत ही माणसाच्या उंचीसारखी उघडी गोष्ट होती, लपवून काय करणार? रविवारी ते सायकल उलटी करून चेनला तेल द्यायचे, जुन्या बनियनच्या फडक्याने स्पोक एकेक करून पुसायचे, आणि दसऱ्याला हँडलला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहायचे. महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला सीटच्या खाली वाजत असायचा. तीनशे दहा ही त्यांच्या पगाराच्या मानाने लहान रक्कम नव्हती. माझ्या ऐंशी हजारांपेक्षा ती त्यांना नक्कीच जास्त टोचली असेल. तरी त्यांनी ती कधी कमी करून सांगितली नाही. कदाचित त्यांना विचारणारे सगळे साधारण त्याच पगाराचे होते म्हणून. एवढा साधा हिशेब असेल.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की पुढच्या चाकापलीकडे काही नव्हतं. पापण्यांवर दव जमायचं. लिंबला बारा मोटेची विहीर पाहायला थांबलो. दगडात शके १६४१ ते १६४६ अशी सालं कोरलेली आहेत, विरूबाई भोसल्यांनी बांधवून घेतली. विहिरीत चक्क महाल आहे आणि खाली पाण्याजवळ बाहेरच्यापेक्षा ऊब होती. पाच मिनिटं तिथे उभा राहून पावलं गरम करून घेतली. इतिहासाचा याहून चांगला उपयोग त्या क्षणी मला सुचत नव्हता. साताऱ्यातून नुसता निघून गेलो, रहिमतपूरच्या रस्त्याला लागलो, आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला तो थेट कोल्हापूरपर्यंत.

हंगामात या भागातून सायकलीने जाणं म्हणजे उसाच्या वासातून पोहत जाणं आहे. सकाळी तो ओल्या पाचटाचा असतो, थोडा गवतासारखा. दुपारी कारखान्याजवळ आलं की गोडसर, उकळलेला, आणि वारा फिरला की मळीचा, नाक मुरडायला लावणारा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर छातीत धडधडेल एवढी गाणी लावून अंगावरून जातात. ट्रॉलीतून निसटलेली कांडकी रस्त्यावर चिरडून चाकाला चिकटतात. बैलगाड्या मात्र मुकाट. रबरी टायर, वर उसाचा डोंगर, त्या डोंगरावर मुटकुळं करून झोपलेलं पोर, आणि मागे दिवा नाही. कऱ्हाडच्या अलीकडे अंधारात मी अशा एका गाडीच्या मागे बराच वेळ चाललो. माझ्या सायकलीचा मागचा लाल दिवा लुकलुकत होता, गाडीवान वळून म्हणाला, "मागंच ऱ्हावा पाव्हणं, तुमच्या दिव्यात आमचं बी भागतंय." कऱ्हाडपर्यंत तसाच गेलो. बैलांच्या चालीने. शंभर किलोमीटरच्या त्या दिवसातला सगळ्यात आरामाचा तास तोच. त्याने किंमत विचारली नाही. कऱ्हाडच्या लॉजच्या वॉचमनने विचारली, बारा हजार.

एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं की घाट उतरतोय तशी सायकलीची किंमतही उतरत चाललीय.

चौथ्या दिवशी सकाळी प्रीतिसंगमावर गेलो. कोयना आणि कृष्णा तिथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच. शाळेची सहल आली होती, पोरं स्वेटरच्या बाह्यांना नाक पुसत रांगेत उभी. तिथून ताकारीवरून किर्लोस्करवाडीला गेलो. माझ्यापुरती ती तीर्थयात्रा होती, कारण हे एवढं सगळं प्रकरण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात काढलेल्या सायकलच्या दुकानातून उगवलं. आधी सायकली, मग नांगर, मग १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलच्या माळावर अख्खं गावच. कारखान्याच्या भिंतीला टेकवून मी माझ्या सायकलीचा फोटो काढला. त्या काळी सायकल हे फक्त श्रीमंतांचं खेळणं होतं. शंभर वर्षांत ती गिरणीकामगाराची झाली, शाळेतल्या पोरीची झाली, आणि आता फिरून माझ्यासारख्याचं खेळणं झालीय. फोटो चांगला आला नाही, ऊन समोरून होतं.

भिलवडीला कृष्णा ओलांडून औदुंबरला मुक्काम केला. रात्री आरती, उंबरांची ओली सावली, घाटावर डासही थंडीने सुस्तावलेले. सतरंजीखालची फरशी बर्फासारखी. पहाटे चारला उठून बसलो, टोपी, मोजे, असेल नसेल ते अंगावर चढवलं आणि उजाडायची वाट पाहत राहिलो.

आणि मग ती सकाळ. औदुंबरहून निघून आष्ट्याच्या रस्त्याला लागलो होतो. साडेसात वाजले असतील. मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, चांगला दीड इंचाचा. डाव्या हाताला निम्मा तोडलेला फड होता, बांधावर पाचटाची शेकोटी, पलीकडे ऊसतोड्यांच्या कोप्यांची रांग. मी सायकल उलटी केली, ट्यूब काढायला गेलो, तर बोटं चालेनात. टायर रिमवरून निघेना. एक माणूस कोयता पाचटावर ठेवून आला, चाळिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि काही न बोलता त्याने अंगठ्यांनी टायर असा उलगडला जसं कणीस सोलतात. मग म्हणाला, "शेका आधी. नंतर करू."

शेकोटीजवळ त्याच्या बायकोने कोरा चहा दिला, गूळ घातलेला, स्टीलच्या फुलपात्रात. फुलपात्र धरवत नव्हतं इतकं गरम, आणि सोडवत नव्हतं. ती माझ्या पिशव्यांकडे, वळकटीकडे, चार दिवसांच्या दाढीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "भांडून निघालात का घरून?" टोळीतल्या बाया हसल्या. मी पण हसलो, म्हणालो, "नाही हो ताई, हौस म्हणून." ‘हौस’ हा शब्द त्या बांधावर पडला आणि तसाच राहिला. कुणी उचलला नाही.

ते बीडचे, आष्टीचे. "आष्टीचे आष्ट्याला आलोय," तो म्हणाला. हा विनोद त्याने हंगामात शंभरदा केला असणार, तरी स्वतःच खूश झाला. तीनशेएक किलोमीटर. ट्रकमध्ये बोचकी, भांडी, कोंबड्या, दोन शेळ्या असं सगळं घालून दिवाळीच्या सुमाराला यायचं, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, राहायचं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली. किती, असं मी विचारलं नव्हतं. त्यानेच सांगितलं, जसे माझे वडील सांगायचे तसं. "ह्या साली ऐंशी हजार उचललेत. घराचं पत्रं बदलली." मी चहाचा घोट घेतला. बोलता बोलता त्याची बायको उठून गेली होती. मोळी डोक्यावर घेऊन ती उभ्या फळीवरून ट्रॉलीत चढत होती, एका हाताने मोळी सावरत, दुसरा हात मोकळा, नजर सरळ. एक टाकली, उतरली, दुसरी घेतली.

तेव्हा त्याने सायकलीला हात लावला. पिशव्या उतरवलेल्या होत्या. एका हाताने ती उचलून पाहिली आणि त्याचे डोळे मोठे झाले. "हलकी हाय की ओ! कितीला पडली?"

मी म्हणालो, "आठ हजार."

शून्य तेवढं एक कमी केलं. वाटलं होतं संपलं. पंचवीस, पंधरा, बारा, प्रत्येक ठिकाणी आकडा सांगितला की विषय संपायचा, समोरचा मान हलवायचा आणि मी पुढे निघायचो. इथे तो म्हणाला, "आठ हजारात चांगली मिळाली." मग उकिडवा बसून त्याने गिअरची चक्रं पाहिली, बोटाने मोजली, पॅडल हाताने फिरवून चाकाचा आवाज ऐकला. त्याची मुलगी आठवीत होती. गावाकडे आजीपाशी ठेवलेली, शाळा चार किलोमीटर, मधे चढ. साधी सायकल तिला चढावर ओढत नाही. "असली गेरची पाहिजे. दुकान कुठशीक हाय? तुमीच घिऊन ठिवा, मी पैसं देतो. पट्टा पडला की." मी हो-हो करत राहिलो. तो म्हणाला, नंबर सांगा. किमतीबद्दल खोटं सांगता येतं, नंबराबद्दल नाही. कारण तो लगेच म्हणाला, "मिसकॉल देतो, बगा," आणि माझ्या खिशात फोन वाजला. तो वाजलेला ऐकून त्याचं समाधान झालं. त्याने मला ‘सायकलवाले’ म्हणून सेव्ह करून घेतलं, शेजारच्या पोराकडून टाइप करून घेऊन. पंक्चर त्यानेच काढलं. पैसे घेईना.

त्या दिवशीचे पुढचे पन्नास-साठ किलोमीटर मला फारसे आठवत नाहीत. वारणा ओलांडली. कुंभोजला, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जन्मगावी, शाळा सुटलेली होती आणि निळ्या फ्रॉकमधल्या पोरी सायकलींवरून घरी चालल्या होत्या, दप्तरं कॅरियरला लावलेली, दोघीतिघी आडव्या रस्ता अडवून गप्पा मारत. त्यांना घंटी मारून बाजूला करावंसं वाटलं नाही. हळूहळू मागून गेलो. हातकणंगल्यानंतर वाहनं वाढली, धूळ वाढली, शिरोलीचा नाका, पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेलचा चौक, आणि कावळा नाक्याला घोड्यावरच्या ताराराणी. शहरात पोचल्यावर आनंद वगैरे होईल असं वाटलं होतं. सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, "कुठनं आलासा?" सांगितलं. तो म्हणाला, "मग आधी जेवा की!" कोल्हापुरात प्रत्येक कर्तबगारीचं उत्तर जेवण हेच असतं, आणि मी ते मान्य केलं. पांढऱ्या रश्श्याच्या तिसऱ्या वाटीनंतर पाच दिवसांत पहिल्यांदा पायाच्या अंगठ्यांत जीव आल्यासारखं वाटलं.

तारीख ३१ जानेवारी. अंबाबाईच्या किरणोत्सवाचा पहिला दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत जात जात मूर्तीच्या चरणांपर्यंत पोचतात. मग पुढच्या दोन संध्याकाळी आणखी वर. लहानपणापासून ऐकलेलं, कधी पाहिलेलं नाही. योगायोगाने वेळेत पोचलो होतो. महाद्वार रोडवर गर्दी, ओटीचे खण, बांगड्या, चाफ्याची फुलं, कोल्हापुरी साजांच्या दुकानांतला पिवळा उजेड. दारापाशी पोचलो आणि थांबलो. सायकल कुठे ठेवायची? कुलूप होतं, पण बारीक. वजन वाचवायला घेतलेलं. ओटी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ठेवा हितं भिताडाला, मी बघतो. कोण नेतंय तुमची सायकल?" त्यांच्याच मागे दुधाच्या किटल्या लावलेली एक जुनी काळी सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती, कुलूप नाही. तिचा मालक आत गेला होता.

आठ हजारांची असती तर मीही ठेवून गेलो असतो.

उभा राहिलो हँडल धरून. ऊन रस्त्याच्या पश्चिम टोकाकडून येत होतं, आत जाणाऱ्या माणसांच्या पाठींवर पडत होतं. अंबाड्यांवर, टकलांवर, खांद्यावर बसलेल्या पोरांच्या कानांतून आरपार लाल. ते सगळे ऊन पाठीवर घेऊन आत चालले होते आणि मी मध्ये खांबासारखा उभा. आतून एकदम गजर झाला, घंटा वाजल्या, मावशींनी बसल्या जागी हात जोडले. मला म्हणाल्या, "पोचली बघा किरणं." थोड्या वेळाने दूधवाला बाहेर आला, कपाळावर ओलं कुंकू, सायकलवर टांग टाकली आणि गेला. मी एस.टी. स्टँडजवळच्या लॉजवर गेलो आणि सायकल दोन जिने चढवून खोलीत नेली. रात्री ती पलंगाशेजारी भिंतीला टेकून उभी होती. टायरमधून पाचटाचा वास येत होता.

आणि मग मार्चमधला तो फोन, आणि माझं ‘नंतर करतो’. अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत मी बरेच पर्याय तयार केले. दुकान बंद झालं म्हणून सांगावं. ते मॉडेल आता येत नाही म्हणावं, आणि तसं ते खरंच येत नाही. आठ हजारांत गिअरवाली सायकल मिळते का, हेही लक्ष्मी रोडच्या आसपास फिरून पाहिलं. मिळते, पण ती उचलली की लोखंडाच्या कपाटाचा एक कोपरा उचलल्यासारखी वाटते, आणि चढावर ती मुलीला ओढणार नाही, मुलगीच तिला ओढेल. एकदा असंही मनात आलं की वरचे पैसे आपणच घालून चांगली घ्यावी आणि आठच सांगावी. या विचाराने मला दीड दिवस फार बरं वाटलं. मग तो विचारही मला त्या आठ हजारांचाच धाकटा भाऊ वाटायला लागला. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं, हा प्रश्नच नव्हता. त्यांनी त्या बांधावरच आकडा सांगून टाकला असता, घंटीचे वेगळे धरून.

बाराव्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर बाल्कनीत गेलो, दार ओढून घेतलं, आणि फोन लावला. त्याने दुसऱ्या रिंगलाच उचलला. "बोला सायेब!" मागे टीव्ही चालू होता, कुत्रं भुंकत होतं. मी इकडचं तिकडचं विचारलं. उचल फिटली, थोडं हातात उरलं. पत्रे तापतात फार. मुलीची परीक्षा जवळ आलीय. मग मी म्हणालो, "ते सायकलचं. मी तुम्हाला त्या दिवशी चुकीचं सांगितलं. ती आठ हजारांची नाही."

"बरं. मंग?"

"ऐंशी."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. बराच वेळ काही नाही. मी गॅलरीतल्या तुळशीकडे पाहत होतो. आता तो हिशेब करील, पत्र्यांचा, फळीचा, मोळ्यांचा, आणि जे काही बोलेल ते ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं.

"ऐंशी हजार?" तो हळू आवाजात म्हणाला. कुणी गेल्याचं कळल्यावर बोलतात तसा. "सायकलीला?"

"हो."

"सायेब," तो म्हणाला, "फसिवलं की ओ तुमाला."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला; फ्रेम, गिअर, बाहेरून येणारे भाग. त्याने ऐकून घेतलं नाही. "पावती हाय का? हाय ना? मंग उद्याच जावा दुकानावर. एकटं जाऊ नगा, दोघंतिघं जावा. असं कसं घेत्यात ऐंशी हजार?" आणि मग फोन तोंडापासून लांब धरून त्याने घरात ओरडून सांगितलं, "आगं, ऐकलं का, त्या पंक्चरवाल्या सायबाला दुकानदारानं ऐंशी हजाराला घातलं!"

लांबून, भांड्यांच्या आवाजातून, तिचा आवाज आला.

"म्या म्हनलंच हुतं. भांडूनच निघाल्यालं हुतं त्ये."